बाणगंगेच्या पायऱ्या आणि हेस्टिंग्जचा पिअर

जून २०२४मध्ये वाळकेश्वरच्या बाणगंगा तलावातला गाळ काढायला कंत्राटदारानं यंत्र थेट पायऱ्यांवरून उतरवलं आणि जुने दगड फुटले. आरडाओरडा केला तो तिथल्या लोकांनी. तेव्हापासून मुंबईच्या मित्रांशी बोलताना एक वाक्य हमखास येतं: "तुमच्या इंग्लंडसारखं जुन्या वास्तूंचं सगळं लोकांच्याच हाती द्यायला हवं."

इंग्लंडमध्ये ते दिलं जातं, हे खरं. पण पुढे काय होतं, तेही सांगायला हवं. हेस्टिंग्ज या तिथल्या किनाऱ्यावरच्या गावाचा जुना पिअर, म्हणजे फिरायला समुद्रात लांबवर बांधलेला धक्का, २०१०मध्ये जळाला. गावकऱ्यांची एक संस्था होती, नगरपालिकेनं पिअर मालकाकडून सक्तीनं घेऊन तिच्या हवाली केला, राष्ट्रीय लॉटरीच्या निधीतून मोठी रक्कम आली आणि सुमारे ३००० लोकांनी स्वतःच्या खिशातून संस्थेचे शेअर घेतले. २०१६मध्ये पिअर उघडला. २०१७मध्ये वास्तुकलेतला स्टर्लिंग पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी संस्थेचं दिवाळं निघालं. २०१८मध्ये पिअर एका खासगी मालकाला विकला गेला. लोकांचा उत्साह कमी पडला नव्हता. बांधायला पैसे मिळाले, पण खारं पाणी दरवर्षी लोखंड खातं, त्या डागडुजीला कायमचा पैसा कुणीच बांधून दिला नव्हता.

म्हणून "लोकांच्या हाती द्या" एवढ्यावर माझं समाधान होत नाही. ओव्हल मैदान रहिवाशांनी सांभाळून दाखवलं, पण ते दक्षिण मुंबईतले सुस्थितीतले रहिवासी. पुण्यातल्या पडक्या वाड्यातल्या भाडेकरूनं छत कशातून शाकारायचं?

बाणगंगेला लोक गोळा करायची गरजच नाही. देवळं आहेत, मंदिराचा ट्रस्ट आहे, पितृपक्षात श्राद्धाला येणारी गर्दी आहे, काठावर राहणारी घरं आहेत. त्यांना आपण बोलावतो कधी? स्वच्छता मोहिमेला, झाडू हातात द्यायला. निविदा निघते तेव्हा त्यांना कुणी विचारत नाही. गाळ हातानं काढायचा की यंत्रानं, यंत्र कुठून उतरवायचं, हे ठरताना त्यांची सही लागली असती, तर त्या पायऱ्या वाचल्या असत्या असं मला मनापासून वाटतं.

महापालिकेनं दोन गोष्टी लेखी द्याव्यात: कामाची पद्धत स्थानिकांच्या संमतीशिवाय ठरणार नाही, आणि देखभालीची तरतूद दरवर्षीच्या अर्थसंकल्पात वेगळी दिसेल. पैशाची जबाबदारी मात्र पालिकेचीच राहावी. ती रहिवाशांच्या वर्गणीवर ढकलू नये.