प्रतिक्रियेला उत्तर : इंजिन समोर उभे असताना ड्रॉइंग कशाला?

सप्रेम नमस्कार.

वाफेच्या इंजिनाच्या मॉडेलसाठी मूळ ड्रॉइंग आणि जुने फोटो कसे शोधावेत, या माझ्या लेखावर आपण सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. आपले आक्षेप तीन आहेत. डब्ल्यूपी वर्गाचे (ब्रॉड गेजवर प्रवासी गाड्या ओढणारे, फुगीर नाकाचे वाफेचे इंजिन) ‘अकबर’ हरियाणातल्या रेवाडीच्या शेडमध्ये आजही पाहता येत असताना मी वाचकांना मोजपट्टी घेऊन तिथे पाठवण्याऐवजी कागदांच्या मागे लावतो, हा पहिला. कारखान्यांची ड्रॉइंग विलायतेतल्या संग्रहालयांत आहेत आणि ती मागवणे सामान्य माणसाला परवडणारे नाही, हा दुसरा. आणि १:८७ प्रमाणातल्या, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाइतक्या, मॉडेलमध्ये इतका काटेकोरपणा कोणाच्या नजरेला दिसणार, हा तिसरा. आपण स्वतः पन्नासच्या दशकातले, मध्य रेल्वेची मेलगाडी इगतपुरीपुढे ओढणारे डब्ल्यूपी करायला घेतल्याचेही लिहिले आहे, म्हणून तेच उदाहरण धरून उत्तर देतो.

‘अकबर’चा क्रमांक ७१६१ आहे आणि ते १९६५ साली चित्तरंजनच्या कारखान्यात तयार झाले. म्हणजे आपल्याला जो काळ दाखवायचा आहे, त्या काळात हे इंजिन अस्तित्वातच नव्हते. डब्ल्यूपीची पहिली सोळा इंजिने अमेरिकेतल्या बाल्डविन कारखान्याने १९४७ मध्ये पाठवली आणि त्यांना ७२०० पासून पुढचे क्रमांक मिळाले. नंतर अमेरिका, कॅनडा, पोलंड, ऑस्ट्रिया अशा ठिकाणी ती बनत राहिली आणि १९६३ ते १९६७ या काळात चित्तरंजनने शेवटची खेप पुरी केली, तेव्हा एकूण संख्या ७५५ झाली होती. चित्तरंजनच्या बऱ्याच इंजिनांना ७२०० च्या आतले रिकामे क्रमांक दिले गेल्यामुळे ७१६१ हे ७२०० पेक्षा अठरा वर्षांनी लहान आहे. नुसता क्रमांक पाहून वय ठरवणारा माणूस इथे हमखास फसतो. वर्ग एक असला तरी कारखाना बदलला की किरकोळ भाग बदलतात, आणि त्यानंतरची वीस-तीस वर्षे प्रत्येक वर्कशॉप आपल्या सोयीने त्यात भर घालते. म्हणून माझा आग्रह असा आहे की, आधी एक क्रमांक आणि एक साल ठरवावे आणि मगच मोजपट्टीला किंवा ड्रॉइंगला हात लावावा.

जतन केलेल्या इंजिनाबद्दल माझ्या मनात अनादर मुळीच नाही, परंतु ते कोणत्या गोष्टीची साक्ष देऊ शकते आणि कोणत्या गोष्टीची देऊ शकत नाही, हे ओळखायला हवे. चाकांचेच पाहा. डब्ल्यूपीच्या मोठ्या चाकांचा ड्रॉइंगवरचा व्यास १७०५ मिलीमीटर आहे, म्हणजे १:८७ मध्ये साधारण १९.६ मिलीमीटर. पण चाकावरची पोलादी धाव झिजते, लेथवर पुन्हा पुन्हा कापली जाते, आणि बदलायच्या आधी व्यासात दोन-तीन इंचांची घट सहज झालेली असते. तीन इंच म्हणजे आपल्या मॉडेलमध्ये जवळजवळ ०.९ मिलीमीटर. प्रत्यक्ष मापावर विसंबून आपण चाक लहान घेतलेत, तर चाकाचा माथा आणि रनिंग बोर्ड (चाकांवरची लांब फळी) यांच्यातली फट वाढेल आणि इंजिन विनाकारण उंच टाचांवर उभे असल्यासारखे दिसेल. तीच गोष्ट पाइपांची. उघड्यावर ठेवलेल्या इंजिनांवरून तांब्या-पितळेचे भाग सर्वांत आधी नाहीसे होतात, त्यांच्या जागी कधी काहीच नसते, तर कधी हाताशी होता तो लोखंडी पाइप वाकवून बसवलेला असतो. टेंडर, म्हणजे मागे जोडलेला कोळसा-पाण्याचा डबा, दुसऱ्याच इंजिनाचे असू शकते. बॉयलर तर ओव्हरहॉलच्या वेळी अदलाबदल व्हावेत, अशीच वर्कशॉपची पद्धत होती. रंगाचे थर इतके चढलेले असतात की रिव्हेटची डोकी बुजून जातात.

याचा अर्थ ड्रॉइंग हे प्रमाणवाक्य आहे, असा मात्र नाही. जनरल अ‍ॅरेंजमेंटचे, म्हणजे संपूर्ण इंजिनाची मांडणी दाखवणारे, ड्रॉइंग कारखान्याने काय करायचे ठरवले होते, ते सांगते. त्यात समोरचे दृश्य बहुधा अर्धे बाहेरून आणि अर्धे कापून दाखवलेले असते, आणि बाहेरचे बारीक पाइप तर पुष्कळदा वेगळ्याच कागदावर असतात. शिवाय आपल्या हाती येते ती बहुतेक वेळा प्रतीची प्रत असते. कागद ताणलेला असतो, स्कॅनरने एका दिशेने थोडे ओढलेले असते. याची एक साधी परीक्षा आहे. ड्रॉइंगवरच्या मोठ्या चाकाचे वर्तुळ आधी आडवे मोजा आणि मग उभे मोजा. दोन्ही मापे जुळली नाहीत तर ते वर्तुळ राहिलेले नाही, आणि त्या कागदावरून पट्टीने घेतलेले कोणतेही माप त्याच प्रमाणात चुकणार. अशा वेळी लिहिलेले आकडे तेवढे घ्यावेत, आणि उरलेली मापे दोन्ही दिशांचे प्रमाण वेगवेगळे धरून काढावीत.

आता खर्चाचा मुद्दा. बेयर पीकॉक या इंग्लंडमधल्या इंजिन-कारखान्याचा संग्रह मँचेस्टरच्या विज्ञान आणि उद्योग संग्रहालयात आहे, हे मी लिहिले होते, ते बंगाल नागपूर रेल्वेच्या गॅरट इंजिनांसंदर्भात (चाकांच्या दोन सांगाड्यांवर एक बॉयलर असलेली इंजिने). डब्ल्यूपीसाठी आपल्याला तिकडे जाण्याचे कारणच नाही. भारतीय रेल्वेने प्रमाणित इंजिनांची एकेका पानाची डायग्राम काढली होती. त्यांत बाह्यरेषा, चाकांमधली अंतरे, उंची, एकूण लांबी आणि प्रत्येक आसावरचा भार दिलेला असतो. डब्ल्यूपीचे असे पान मिळाले की १:८७ साठी सांगाड्याचे काम भागते. त्यापलीकडचे पूर्ण ड्रॉइंग हाती आले तर आनंदच आहे, पण त्यावाचून अडून बसावे, असे मी कुठेही म्हटलेले नाही. जुन्या इंजिनांच्या बाबतीत तर इंग्लंडच्या ‘द इंजिनिअर’ आणि ‘इंजिनिअरिंग’ या साप्ताहिकांत छापलेली ड्रॉइंग पाहावीत. त्यांचे कितीतरी जुने खंड आज स्कॅन केलेले आहेत आणि घरबसल्या पाहता येतात.

बारकाव्यांसाठी खरा आधार आहे तो तारीख ठाऊक असलेल्या फोटोचा, आणि तो आपल्याकडे समजतो त्यापेक्षा अधिक घरांत आहे. भुसावळ, मनमाड, दौंड या गावांत ज्यांचे आजोबा ड्रायव्हर किंवा फिटर होते, त्यांच्याकडे निवृत्तीच्या दिवशी इंजिनासमोर काढलेला फोटो असू शकतो. असा एक फोटो मी भिंगाखाली पाहिला आहे. इंजिनाच्या नाकाडावर झेंडूचे हार इतके होते की हेडलाइटभोवतीची चांदणी अर्धी झाकली गेली होती, परंतु बफर बीमवर, म्हणजे पुढच्या आडव्या तुळईवर, रंगवलेला क्रमांक स्पष्ट वाचता येत होता, आणि मागच्या बाजूला शाईने तारीख लिहिली होती. क्रमांक, तारीख आणि त्या दिवशी चांदणीला किती टोके होती, हे सगळे एकाच कागदावर मिळाले. प्रत्येक शेड आपल्या हौसेने नाक सजवत असे, त्यामुळे ही गोष्ट कोणत्याही ड्रॉइंगमध्ये सापडणार नाही.

कारखान्याचे अधिकृत फोटो रेखीव असतात, पण फोटो चांगला यावा म्हणून पूर्वी इंजिनाला तात्पुरता करडा रंग देत, हे विसरू नये. तसेच फोटोवरून माप काढताना चाकाचा ज्ञात व्यास वापरता येतो, पण तो चाकाच्या पातळीपुरताच. बॉयलरची कड कॅमेऱ्यापासून अधिक दूर असल्याने प्रत्यक्षापेक्षा लहान भासते.

तिसरा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. एक इंच म्हणजे मॉडेलवर ०.२९ मिलीमीटर, तेव्हा रिव्हेटचे डोके मिलीमीटरच्या लहानशा अंशाइतकेच निघते, आणि त्यांची नेमकी संख्या मोजत बसणारा पाहुणा विरळाच. आपण १६.५ मिलीमीटर अंतराच्या रुळांवर मॉडेल चालवणार आहात. आपल्या ब्रॉड गेजचे १६७६ मिलीमीटर या प्रमाणात १९.३ व्हायला हवेत, म्हणजे एक मोठी तडजोड आपण आधीच स्वीकारली आहे, आणि त्यात काही गैर नाही. पण नाकाचा फुगीरपणा, त्याच्या मध्यावरच्या हेडलाइटची उंची, बॉयलरवरच्या आवरणाची रेषा आणि बाजूच्या पत्र्याची खालची कड या चार गोष्टी तीन हातांवरूनही जाणवतात. ज्याने डब्ल्यूपी धावताना पाहिले आहे, त्याला त्या चुकल्या की काहीतरी बिघडले आहे, हे नेमके कारण न सांगताही कळते. माझा सारा खटाटोप या चार गोष्टींसाठी आहे.

आपण रेवाडीला जाणारच असाल तर जरूर जा. चाके आणि पाइप सोडून द्या. कॅबची रुंदी, खिडक्यांच्या चौकटी, पायऱ्यांमधली अंतरे आणि नाकाच्या गोलाईचा पुठ्ठ्यावर कापलेला साचा घेऊन या, आणि प्रत्येक फोटोत मापाची पट्टी ठेवा. इंजिनाच्या दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, कारण त्या एकमेकींचे प्रतिबिंब नसतात. तत्पूर्वी आपल्या मनातल्या इंजिनाचा क्रमांक ठरला तर कळवा. १९४९ च्या खेपेतल्या इंजिनांचे मध्य रेल्वेवरचे काही फोटो माझ्या संग्रहात आहेत, त्यांतले जुळणारे मी आपल्याला आनंदाने पाठवीन.