राजीनाम्यावर सही करण्याआधी एवढं वाचा

कुपवाड, मिरज, शिरवळ, लोणंद... एमआयडीसी कुठलीही असो, तऱ्हा एकच. स्टोअरचा माल कमी भरला किंवा सुपरवायझरशी वाजलं, की केबिनमध्ये बोलावणं येतं. "राजीनामा दे, हिशोब चोख करतो. नाहीतर पोलिसांत देतो." पोरगं घाबरतं, सही करतं आणि तिथंच सगळं संपतं. बडतर्फीविरुद्ध भांडता येतं, पण राजीनामा जबरदस्तीनं घेतला हे सिद्ध करायचं ओझं आपल्याच गळ्यात पडतं. शिवाय पोलिसांत तक्रार द्यायचीच असेल, तर ती राजीनाम्यानंतरही देता येते. सही होऊन बसली असेल, तर दुसऱ्याच दिवशी "दबावाखाली घेतला, मागे घेतो" असं पत्र स्पीड पोस्टानं पाठवा, प्रत सहायक कामगार आयुक्तांना.

कंपनी देते ती चार्जशीट, म्हणजे आरोपपत्र, मात्र घ्यायचीच. नाकारली म्हणून कंपनीची खात्यांतर्गत चौकशी थांबत नाही. ऑफिसच्या प्रतीवर "प्रत मिळाली, मजकूर मान्य नाही" लिहा, तारीख-वेळ टाका, मग सही. आरोप मोघम असेल तर घटनेची तारीख, वेळ, जागा आणि स्थायी आदेशाचं (कारखान्यातल्या नोकरीच्या नियमांचं) कलम लेखी मागा. सीसीटीव्हीचं फुटेज पहिल्याच पत्रात मागा, कारण जुन्यावर नवीन रेकॉर्डिंग चढत जातं. निलंबन असेल तर पहिले ९० दिवस अर्धा पगार निर्वाह भत्ता म्हणून मिळतो. उशीर तुमच्यामुळं नसेल तर पुढं ७५ टक्के.

"चौकशी अधिकारी साहेबांचाच माणूस, जाऊन काय उपयोग?" हे वाक्य कामगाराला सगळ्यात महाग पडतं. गैरहजर राहिलात की एकतर्फी चौकशी होते, साक्षीदाराची उलटतपासणी कुणी घेत नाही आणि त्याचं म्हणणं जसंच्या तसं कोर्टापुढं जातं. जा, सोबत सहकारी किंवा युनियनचा प्रतिनिधी लेखी मागा. नाकारला तर तसं रोजनाम्यात, म्हणजे चौकशीच्या रोजच्या नोंदीत, नोंदवायला लावा. प्रत्येक पान वाचून सही करा. हरकत टाईप झाली नसेल तर सहीशेजारी हातानं लिहा. शिक्षेआधी चौकशी अहवालाची प्रत मिळणं हा तुमचा हक्क आहे.

बडतर्फीनंतर मुदत सांभाळा. अनुचित कामगार प्रथेची, म्हणजे मालकाच्या बेकायदा वागणुकीची, तक्रार ९० दिवसांत कामगार न्यायालयात. दुसरा रस्ता कामगार आयुक्त कार्यालयातल्या समेटाचा; ४५ दिवसांत काही झालं नाही तर थेट औद्योगिक न्यायाधिकरणात जाता येतं. तिथं जायला बडतर्फीपासून पूर्वी तीन वर्षं होती, नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत दोनच. दोन्ही रस्ते एकदम धरता येत नाहीत, तेव्हा वकिलाशी आधी बोला. साखर कारखान्याची गोष्ट वेगळी: तिथं १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्याखाली आधी व्यवस्थापनाला तीन महिन्यांत 'अ‍ॅप्रोच नोटीस', म्हणजे आपली मागणी लेखी, द्यावी लागते. ती राहिली की चांगली केसही तांत्रिक मुद्द्यावर पडते. खासगी शाळेतल्या शिक्षकांना शाळा न्यायाधिकरणात अपिलाला जेमतेम ३० दिवस.

आणि एक गैरसमज. चौकशी सदोष ठरली म्हणजे जिंकलो असं नव्हे. मालकाला कोर्टात नव्यानं पुरावा देता येतो. म्हणून आपले साक्षीदार, हजेरीच्या नोंदी, व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज पहिल्यापासून जपा. बडतर्फीच्या काळातला मागचा पगार हवा असेल तर "मी बेकार होतो" हे शपथेवर सांगावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या दीपाली सुरवसे निकालानंतर ते खोटं ठरवायची जबाबदारी मालकावर जाते. मधल्या काळात दुसरीकडं कामाला लागला असाल तर लपवू नका. पीएफच्या खात्यात नवीन कंपनीची नोंद दिसते, आणि समोरचा वकील पहिल्यांदा तेच मागवतो.