पुढच्या मालकासाठी पंख्याचे वायरिंग कसे करून ठेवावे

आपण घर विकून गेल्यावरही नव्या मालकाने आपले नाव रोज घ्यावे अशी इच्छा असेल, तर छताच्या पंख्याचे वायरिंग पुढीलप्रमाणे करून ठेवावे. आमच्या आधीच्या मालकांनी ते तसेच केले होते, हे गेल्या रविवारी जुना पंखा उतरवताना कळले.

फेजला (वीज आणणाऱ्या वायरीला) लाल, न्यूट्रलला (वीज परत नेणाऱ्या वायरीला) काळी आणि अर्थिंगला (जमिनीला जोडलेल्या वायरीला) हिरवी, हा जुना संकेत पुस्तकातच राहू द्यावा. वायरमनच्या पिशवीत ज्या रंगाचे भेंडोळे उरले असेल, तेच घरभर ओढावे. आमच्या सीलिंग रोजमधून, म्हणजे छतावरच्या वायरजोडणीच्या डबीतून, चार वायरी उतरतात आणि चारही लाल आहेत.

बंद पडलेला जुना रेग्युलेटर काढू नये. शेजारी नवा बसवावा आणि कोणता चालतो ते कोणाला सांगू नये.

न्यूट्रलवरही किटकॅट फ्यूज (चिनी मातीच्या पकडीतील जुना फ्यूज) ठेवावा, म्हणजे तो उडाला की घरात अंधार होतो आणि वायरीत वीज मात्र कायम राहते.

स्विच तर न्यूट्रलवरच घालावा. बटण बंद केले की पंखा थांबतो, त्यामुळे वर्षानुवर्षे कोणाला संशय येत नाही. परंतु फेज थेट पंख्यात गेलेली असल्याने ती वाइंडिंगमधून, म्हणजे पंख्यातील तारेच्या वेटोळ्यांतून, पलीकडच्या टोकापर्यंत पोहोचते, आणि बटण बंद आहे या भरवशावर शिडीवर चढलेल्या माणसाच्या बोटांपाशी 230 व्होल्ट उभे असतात. आमच्याकडे बटण बंद असताना दोन्ही टोकांना टेस्टर पेटला, तेव्हा वायरमनने शांतपणे निदान केले, "रिटर्न येतोय साहेब, जुन्या घरात असतंच." म्हणे वीज न्यूट्रलमधून उलटी येते. रिटर्न कसला? कोणीतरी बोर्ड जोडताना फेज कोणती हे टेस्टर लावून पाहिले नाही, आणि त्यानंतर आलेल्या प्रत्येकाने ते पाहूनही तसेच ठेवले. याला जुने घर जबाबदार नाही, कामचुकारपणा जबाबदार आहे, आणि त्यात माणूस मरतो.

घरमालकांनीही साळसूदपणे माना डोलावू नयेत. फॉल्स सीलिंगला लाखभर रुपये मोजता आणि त्याच्या आतील वायरी बदलायच्या म्हटल्या की "पूर्वीपासून चाललंय ना" म्हणता. पंख्याला हात लावण्याआधी बटणावर विसंबू नका, मेन स्विच बंद करा, नंतर पुन्हा टेस्टर लावा. स्विच न्यूट्रलवर निघाला तर तो त्याच दिवशी फेजवर घ्यायला लावा. आणि वायरमन "राहू द्या, काही होत नाही" म्हणाला, तर त्याला शिडीवरून खाली उतरवा आणि दुसरा बोलवा.