पंखा बांधून पाहा

गेल्या महिन्यात आमच्या भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक चित्रफीत आली. केज तालुक्यातल्या आमच्या गावाबाहेरच्या रस्त्यावरून शेजारचे नाना त्यांच्या हाताने फिरवायच्या तीनचाकी सायकलवर बसून येताना दिसतात. पुढच्या चाकावर लोखंडी पट्ट्यांच्या चौकटीत दोन फूट व्यासाचा पंखा गरगरतो आहे. पंख्यामागच्या जनित्राची वायर सीटखालच्या बॅटरीत गेली आहे आणि ती बॅटरी मागच्या चाकाच्या छोट्या मोटारीला वीज देते. ही करामत माझ्या पुतण्याची आणि तंत्रनिकेतनातल्या त्याच्या दोन मित्रांची. खाली मजकूर होता, 'गाडी जितकी पळेल तितकी बॅटरी भरेल.' कौतुकाच्या वर्षावात एका काकांनी लिहिले की हाच पोरगा परदेशात असता तर त्याचे सोने झाले असते. गटात परदेशात राहणारा मी एकटाच असल्यामुळे ते वाक्य माझ्याकडे बघून लिहिलेले होते, हे उघड आहे.

मी नेदरलँड्सच्या झीलंड प्रांतात राहतो आणि रोज सायकलने कामावर जातो. समुद्रावरून येणारा वारा येथे सायकलस्वाराच्या पाचवीला पुजलेला आहे. १९८६ साली खुल्या झालेल्या ऑस्टरस्खेल्ड बंधाऱ्यावर वादळी वाऱ्याचा अंदाज आला की वाऱ्याविरुद्ध सायकल चालवण्याची राष्ट्रीय स्पर्धा भरते. गिअर नसलेल्या सारख्या सायकली सर्वांना दिल्या जातात आणि साडेआठ किलोमीटर वाऱ्याच्या तोंडावर पायडल मारायचे असते. २०१३ पासून ही गंमत चालू आहे. याच देशात १६०० च्या सुमारास सायमन स्टेव्हिन या गणितज्ञाने (युरोपला दशांश अपूर्णांक शिकवणारा तोच) राजपुत्र मॉरिससाठी चाकांवरची शिडाची गाडी बांधली आणि अठ्ठावीस-एक पाहुण्यांना स्खेवेनिंगेनपासून पेटेनपर्यंत समुद्रकाठच्या ओल्या, घट्ट वाळूवरून सुमारे दोन तासांत नेले, असे वर्णन आहे. म्हणजे वाऱ्यावर गाडी चालते, यात शंका नाही. २०२२ च्या डिसेंबरमध्ये न्यूझीलंडच्या चमूने ऑस्ट्रेलियातल्या गेर्डनर या कोरड्या मिठाच्या सरोवरावर शिडाची गाडी ताशी २२२ किलोमीटरने पळवली. मात्र तेथे वळण नव्हते, झाड नव्हते आणि समोरून उसाची ट्रॉली येत नव्हती.

पुतण्याच्या गाडीकडे येतो. चालत्या गाडीवर जो वारा तोंडावर लागतो, त्यात दोन निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक, खरोखर वाहणारा वारा. दुसरी, आपण हवेत घुसल्यामुळे होणारा भास. पहिला निसर्गाने दिलेला असतो, दुसऱ्याची किंमत गाडी ओढणाऱ्याने आधीच मोजलेली असते. हवा स्थिर असताना पंखा फिरतो तो केवळ गाडी पुढे जाते म्हणून, आणि पंख्याने अडवलेल्या हवेचा जोर गाडीला मागे ढकलतो. जेवढी वीज बॅटरीत जाते, त्याहून जास्त काम नानांच्या दंडांना किंवा बॅटरीलाच करावे लागते.

आमच्या लहानपणी ज्वारीची रास करताना वडील तिवईवर उभे राहून पाटीतले धान्य हळूहळू खाली सोडत. भूस उडून बाजूला पडे आणि दाणे पायथ्याशी साचत. वारा पडला की माणसे पाटी तशीच काखेत धरून थांबत, कधी तासन्‌तास. धावत सुटून वारा तयार करावा, असे कोणाला सुचले नाही. पुढे हाताने फिरवायचा उफणणीचा पंखा गावात आला, तेव्हा तो फिरवणाऱ्याला भाकरी जास्त लागते, हे आईला न सांगता कळत होते.

तरीही पुतण्याला सरसकट वेड्यात काढणाऱ्यांशी मी सहमत नाही. समोरून खरा वारा येत असेल तर पंख्याच्या बळावर चाके फिरवून थेट त्या वाऱ्यावरच चाल करता येते, कारण हवा आणि जमीन यांच्या वेगांत फरक असतो आणि त्या फरकातून ऊर्जा काढता येते. डेन हेल्डर या डच गावात अशा गाड्यांच्या शर्यती २००८ पासून झाल्या. वाऱ्याच्या वेगाच्या तुलनेत गाडीचा वेग किती, यावर तेथे क्रम ठरत असे. अमेरिकेत अभियंते रिक कॅव्हालारो यांच्या ब्लॅकबर्ड या पंखा लावलेल्या गाडीने २०१० मध्ये वाऱ्याच्या दिशेनेच वाऱ्याच्या पावणेतीन पटींहून अधिक वेग गाठला, तेव्हा शिकलेल्या माणसांनीही ते अशक्य म्हणून आधी उडवून लावले होते. तेव्हा परदेशात सोने झाले असते का, याचे माझे उत्तर असे की आधी वजन झाले असते, वेग मोजला गेला असता आणि मगच टाळ्या पडल्या असत्या.

वजन करू. ताशी १८ किलोमीटरच्या वाऱ्यात दोन फुटी पंख्याच्या वर्तुळातून जाणारी एकूण शक्ती सुमारे २० वॉट असते. आल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाच्या नियमानुसार तिच्यातली ५९ टक्क्यांहून अधिक कोणालाच काढता येत नाही आणि घरगुती पात्यांना पाव हिस्सा मिळाला तरी पुष्कळ. हाती उरतात पाच वॉट, म्हणजे खोलीतला एक लहान एलईडी दिवा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर शक्ती आठपट होते, हे खरे. परंतु तसा वारा आमच्याकडे आषाढात असतो आणि त्या वाऱ्यात उंच चौकटीची तीनचाकी बाजूच्या झोतासरशी कलंडण्याची भीतीही तितकीच वाढते.

येथे वाऱ्याचा उपयोग कसा करतात, ते सांगतो. २०१७ मध्ये डच रेल्वेच्या विजेवर धावणाऱ्या गाड्या पवनचक्क्यांकडून घेतलेल्या विजेच्या हिशोबावर चालू लागल्या. एकाही डब्यावर पाते नाही. वारा जेथे आहे तेथे चक्की उभी राहते आणि तारेतून वीज येते. आमच्या बालाघाटाच्या माथ्यावर, भूम-पाटोद्याकडे, पवनचक्क्यांच्या रांगा आहेतच. त्यांच्याविषयी गावाकडची चर्चा मात्र जमिनीचा भाव, उखडलेले रस्ते आणि चक्क्या ढग पळवतात या गैरसमजाभोवती फिरते. त्या विजेवर गावातल्या किती तीनचाकी चालतील, हा प्रश्न मी तरी कोणाच्या तोंडून ऐकला नाही. नानांसारख्यांना रस्त्याकडेला चार्जिंगचा एक खात्रीचा प्लग आणि भारनियमनाचे पाळले जाणारे वेळापत्रक हवे आहे.

हे सगळे फोनवर सांगितल्यावर पुतण्या थोडा हिरमुसला. बॅटरी रोज रात्री घरच्या प्लगवर भरली जाते, हेही तेव्हाच कळले. चित्रफितीत ते नव्हते. मी त्याला एवढेच सुचवले की पहाटे, झाडाचे पानही हलत नसताना, पूर्ण भरलेल्या बॅटरीवर तोच रस्ता एकदा पंखा नेहमीसारखा फिरू देऊन आणि एकदा पाती उतरवून कापावा आणि गाडी किती लांब जाते ते पाहावे.

चार दिवसांनी त्याचा फोन आला. पाती उतरवल्यावर गाडी बरीच लांब गेली होती. नानांना त्यासाठी मोजमापाची गरजच पडली नव्हती. "पंखा काढल्यावर हलकी जायलीय की रे," असे ते पहिल्याच वळणावर म्हणाले होते. पंखा आता घराच्या माळवदावर बांबूला बांधला आहे. "काका, आषाढात तिथं किती वॉट येतील?" असे त्याने विचारले. मी म्हटले, वहीत रोज लिहून ठेव, मला पाठव.