सकाराचा सासुरवास

ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात पडलेला माणूस देवाला भीत नसला, तरी ‘श्री स्वामी समर्थ’ या जपाला भितोच. एवढ्याशा जपात एक श आणि दोन स आहेत आणि तो १०८ वेळा म्हणायचा असतो. म्हणजे गायिकेच्या दातांतून सुटलेला वारा ३२४ वेळा माइकवर येऊन आदळणार. एकदाच गाऊन घ्या, बाकीचे मी चिकटवतो, असे निर्माते काकांना सुचवून पाहिले. पण चिकटवलेल्या जपाचे पुण्य लागत नाही, यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

यात गायिकेचा काडीचाही दोष नसतो. ‘स’चा मुख्य जोर साधारण ५ ते ८ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असतो, ‘श’चा थोडा खाली, आणि समोरासमोर बोलताना तो कुणाला खुपत नाही. मात्र बऱ्याच कंडेन्सर माइकना नेमका याच टापूत उठाव दिलेला असतो. पुढे आवाजातले चढउतार कमी करणारा कॉम्प्रेसर ‘स्वा’मधल्या दणदणीत ‘आ’ला दाबतो, ‘स’ला किरकोळ समजून सोडून देतो आणि मग सगळा आवाज वर उचलला, की हाच किरकोळ इसम डोक्यावर बसतो. त्यात काकांना ‘जरा चमक’ हवी असते, म्हणून १० किलोहर्ट्झच्या वरचा भागही चढवावा लागतो. अखेरीस स्वामींच्या नावात तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा चरचराट उमटतो.

माइक किंचित तिरका ठेवला तर वारा बाजूने निघून जातो खरा. पण आमच्या ताई माइक जिकडे वळवावा तिकडे श्रद्धेने तोंड वळवतात. समोरची जाळी ‘प’ आणि ‘फ’च्या फुंकरीसाठी असते, ‘स’ तिला जुमानत नाही.

यावर उतारा म्हणून डी-एसर नावाचे प्लगइन, म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरला जोडायचे पुरवणी अवजार, मिळते. ते फक्त त्या पट्ट्यावर कान ठेवून असते आणि मर्यादा ओलांडली की तेवढाच भाग दाबते. मर्यादा थोडी वर ठेवली तर चरचराट कायम राहतो आणि थोडी खाली आणली तर ‘थ्री थ्वामी थमर्थ’ ऐकू येते, ज्यातला शेवटचा ‘थ’ तेवढा मुळातला असतो. ताईंचा पुढचा दात पडला काय, अशी चौकशी काकांनी केलीच. शिवाय भाव यावा म्हणून त्यांनी त्याच खोलीत टाळ वाजवून घेतले होते, त्यामुळे डी-एसर बिचारा टाळालाही ‘स’ समजून दाबत होता.

मग उरतो हाताचा उद्योग. पडद्यावर प्रत्येक ‘स’ रेघांच्या दाट पुंजक्यासारखा दिसतो. तो पकडायचा, चार-पाच डेसिबल उतरवायचा आणि पुढच्याकडे वळायचे. काकांना गाभाऱ्यासारखा घुमारा हवा असल्याने हे सारे रिव्हर्बच्या, म्हणजे तो घुमारा चढवण्याच्या, आधीच उरकावे लागते, नाहीतर एकेक ‘स’ गाभाऱ्यात प्रदक्षिणा घालू लागतो. रात्री उशिरा बायको दारात येऊन म्हणाली, “सासूबाई सोमवारी साताऱ्याहून येताहेत आणि साबुदाणा संपलाय.” मला त्यातले फक्त ६ किलोहर्ट्झ ऐकू आले आणि हात आपोआप आवाज उतरवायच्या फेडरकडे गेला.

काकांनी तयार मिक्स मोबाइलच्या स्पीकरवर ऐकले. सकाराबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत आणि या धंद्यात यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्र मिळत नाही. टाळ मात्र जरा वाढवायला सांगितले आणि जाता जाता पुढच्या महिन्याच्या तारखा मागितल्या; विष्णुसहस्रनाम करायचे आहे म्हणे.