"हेडमास्तर नुसत्या सह्या करतात" म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

गेले काही दिवस आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या बहुतेक व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. थोडक्यात असा: हेडमास्तर केबिनमध्ये बसून नुसत्या सह्या करतात, शाळा चालते ती शिक्षकांमुळे, सरकारी शाळा बंद पडतायत त्याला हेडच जबाबदार, त्यांच्या ट्रेनिंगवर खर्च म्हणजे पैशांची नासाडी, आणि पालकांनी यात पडायचं काही कारण नाही. वाचून राग आला, कारण फॉरवर्ड करणाऱ्यांत ज्यांची पोरं ह्याच शाळांत जातात तेही आहेत. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

केबिन. कुठली केबिन? गावातल्या सरकारी प्राथमिक शाळा पहिली ते चौथी, आणि कित्येक ठिकाणी शिक्षक दोनच. शिक्षण हक्क कायदा 2009 चं परिशिष्ट बघा, प्राथमिकला वेगळा मुख्याध्यापक मिळतो तो पट 150 च्या वर गेला तरच, 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक. म्हणजे वाड्यावरच्या शाळेत आपण ज्यांना हेड म्हणतो त्या बाई मुळात वर्गावरच्या शिक्षिका, आणि त्यात शाळेचा चार्ज.

अशा एका शाळेत मी सकाळी बसून बघितलंय. तिसरी-चौथी एकाच खोलीत, तिसरीला पाढे लिहायला दिलेत, चौथीला परिसर अभ्यास चालू, तेवढ्यात बचत गटाची बाय माध्यान्ह आहाराची भाजी-पाव घेऊन आली, तो मुलांना वाढायच्या आधी चाखून रजिस्टरात नोंद करायची असते ती बाईंनी केली, हात धुतायत तोवर वरून फोन, युडायसमध्ये, म्हणजे शाळांची माहिती भरायच्या सरकारी पोर्टलवर, एका मुलाचं नाव आधारशी जुळत नाही, आजच करा. मोबाईलला रेंज व्हरांड्याच्या टोकालाच. बाई तिथं उभ्या राहून पोर्टल उघडतायत आणि चौथीतला एक मुलगा अडलेलं गणित घेऊन दारात थांबलाय, बाई फोन ठेवतील म्हणून. ह्याच्यावर कोणाकोणाला बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं, कामही असतं. कायद्याच्या कलम 27 नुसार शिक्षकांना जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून दुसऱ्या बिनशैक्षणिक कामाला लावता येत नाही, पण पोर्टल भरणं हे शाळेचंच काम धरलं जातं, त्यामुळे ते कुठंच मोजलं जात नाही.

आता "शाळा शिक्षकांमुळे चालते". चालते की, कोण नाही म्हणतंय? पण चांगला शिक्षक टिकतो कुठं, तर जिथं हेड त्याच्या पाठीशी उभा राहतो तिथं. अमेरिकेत वॉलेस फाउंडेशनने 2021 साली वीस वर्षांच्या संशोधनाचा आढावा प्रसिद्ध केला, त्यात निघालं की कमकुवत मुख्याध्यापकाच्या जागी चांगला आला तर मुलांचं वर्षाचं शिकणं जवळपास तीन महिन्यांनी जास्त होतं, गणितातही आणि वाचनातही, शिवाय शिक्षक सोडून जायचं प्रमाण कमी होतं. आपला गोवा म्हणजे अमेरिका नव्हे हे मलाही कळतं, पण हेडमुळे काही फरक पडत नाही असं म्हणणाऱ्यांनी निदान हे वाचावं.

आणि मला सगळ्यात जास्त टोचतं ते पुढचं. आपल्या पोरांसाठी ज्या संधी आहेत ना, त्या बहुतेक सगळ्या हेडच्या टेबलावरून जातात. आठवीतल्या एनएमएमएस ह्या शिष्यवृत्ती परीक्षेतून निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये, पण शाळेने पोर्टलवर अर्ज व्हेरिफाय केला नाही तर पैसे अडकतात. इन्स्पायर मानक ह्या केंद्राच्या विज्ञान योजनेत मुलाची आयडिया निवडली गेली तर 10,000 रुपये थेट त्याच्या खात्यात, पण नाव शाळेनेच पाठवायचं असतं. वाळपई आणि काणकोणच्या नवोदयसाठी, म्हणजे केंद्राच्या निवासी शाळेसाठी, पाचवीतल्या मुलाला अर्जावर हेडचा दाखला लागतो. हेडला श्वास घ्यायला वेळ नसेल तर तारीख निघून जाते आणि त्या घराला कळतही नाही की असं काही होतं. शहरातल्या पालकांना गुगल आहे, क्लास आहेत, ओळखी आहेत. डोंगराकडच्या गावात मात्र हेडच.

शाळा बंद पडण्याचं खापर हेडवर फोडणं तर सरळ अन्याय आहे. एनएफएचएस-5 ह्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे गोव्यात एका बाईमागे सरासरी 1.3 मुलं, म्हणजे पोरंच कमी झालीत. 2011 मध्ये इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांना अनुदान द्यायचा निर्णय झाला, म्हणजे पालकांना तिकडची वाट सोपी झाली, त्यावर किती रण माजलं ते सगळ्यांना आठवतंय. नोकरीसाठी घरंच्या घरं गाव सोडून फोंडा-म्हापशाकडे गेली. ह्यातलं एक तरी हेडच्या हातात होतं का? काही हेड कामचुकार असतीलही, त्यांना जाब विचारा, जरूर विचारा. पण एकाचा राग सगळ्यांवर काढू नका.

ट्रेनिंगचं म्हणाल तर आपल्याकडे उत्तम शिक्षकाला सीनियॉरिटीने हेड करतात आणि दुसऱ्या दिवसापासून त्याने हिशेब, इमारत, पालकांची भांडणं सगळं आपोआप यावं अशी अपेक्षा. सिंगापूरमध्ये होऊ घातलेल्या मुख्याध्यापकांना सहा महिन्यांचा फुलटाइम कोर्स आहे. आपलं 2020 चं शैक्षणिक धोरण वर्षाला 50 तास म्हणतं, तेवढे तरी नीट द्या, आणि ट्रेनिंगला गेल्यावर मागे वर्ग कोण घेणार ते आधी ठरवा. दिल्लीने सरकारी शाळांना इमारत-साफसफाई बघायला इस्टेट मॅनेजर दिले. आपल्याला इतकं नको, चार-पाच छोट्या शाळा मिळून एक क्लार्क द्या, बाई पूर्ण वेळ वर्गात राहतील.

राहिले पालक. तर कायद्यानेच शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात, एकूण सदस्यांत निम्म्या बायका, आणि शाळेचा विकास आराखडा ह्या समितीने बनवायचा आहे. समग्र शिक्षा ह्या सरकारी योजनेचं वार्षिक अनुदान 30 पर्यंत पटाच्या शाळेला 10,000 रुपये, म्हणजे महिन्याला साडेआठशेसुद्धा नाहीत, त्यात खडू, दुरुस्ती, वीज, आणि निदान दहा टक्के स्वच्छतेवर. मेसेज फॉरवर्ड करण्यापेक्षा पुढच्या मीटिंगला जा आणि हा हिशेब मागा, संशयाने नाही, कुठं कमी पडतंय ते कळायला. कॉम्प्युटर येणारा कॉलेजचा पोरगा घरात असेल तर महिन्यातून एक सकाळ युडायसला मदत करायला बसवा, बाईंच्या देखरेखीखाली. गावात कोणी निवृत्त शिक्षक असेल तर शाळेत स्वेच्छेने मदत करणाऱ्यांसाठी असलेल्या सरकारच्या विद्यांजली पोर्टलवर नाव घालायला सांगा. आणि एनएमएमएस, इन्स्पायर, नवोदय ह्यांच्या तारखा त्याच ग्रुपवर टाका जिथं तो मेसेज आला होता.