टास्मानियात जन्म कसा घ्यावा

तुमचा जन्म मुंबईतला असेल आणि १९३० च्या दशकात हॉलिवूडची नायिका व्हायचं मनात असेल, तर सगळ्यात आधी जन्म बदलून घ्या. अभिनय, उच्चार, कोणत्या काट्याने काय खायचं हे मागाहून शिकता येतं. जन्माचं काम मात्र पहिल्या मुलाखतीच्या आत उरकावं लागतं, कारण एकदा छापून आलेला जन्म बदलणं फार खर्चाचं होतं.

या कामात हॉलिवूडच्या नायिका मर्ल ओबेरॉन यांच्याइतका दांडगा अनुभव दुसऱ्या कुणाच्या गाठीशी नाही. तेव्हा नमुना म्हणून त्यांचंच आयुष्य घेऊ. जन्म १९ फेब्रुवारी १९११, मुंबई. नाव एस्टेल मर्ल ओब्रायन थॉम्पसन, घरात हाक ‘क्वीनी’. वडील रेल्वेतले इंग्रज, आई शार्लट सिलोनची युरेशियन, म्हणजे युरोपीय-आशियाई मिश्र वंशाची. १९१७ मध्ये कुटुंब कलकत्त्याला गेलं. ला मार्टिनियर शाळेत रंगावरून टोमणे, म्हणून शाळा सुटली. पुढे टेलिफोन ऑपरेटरची नोकरी आणि फावल्या वेळात हौशी नाटकं. हा मजकूर नीट वाचून घ्या. यातलं एकही वाक्य पुढे उपयोगाचं नाही.

आता जन्मस्थान निवडू. इंग्लंड घेऊ नका. तिथे वार्ताहर सकाळच्या गाडीने गावी जातो, चर्चचं रजिस्टर चाळतो आणि रात्रीच्या जेवणाला परत येतो. कॅनडा अमेरिकेच्या कुंपणाला लागून. दक्षिण आफ्रिकेत रंग ओळखण्याचं कसब घरोघरी, तिथून आलात म्हटलं की लोक उलट जास्त निरखून बघणार. ओबेरॉनबाईंसाठी निवडलं गेलं टास्मानियातलं होबार्ट. लंडनपासून बोटीने काही आठवड्यांवर, आणि लोकांच्या समजुतीत अगदी अस्सल ब्रिटिश. एका नायिकेचा पाळणा कुठे हलला हे बघायला एवढ्या प्रवासाचं भाडं कुठलाही संपादक मंजूर करत नाही.

पण नुसतं गाव बदलून भागत नाही. जे लपवता येणार नाही ते गोष्टीतच ओवून घ्यावं. कलकत्त्यात तुम्हाला ओळखणारी माणसं आहेत आणि त्यातलं कुणीतरी कधीतरी लंडनला येणारच. म्हणून गोष्ट अशी ठरली: होबार्टचं खानदानी घर, वडील शिकारीत अपघाताने गेले, मग मुलगी हिंदुस्थानात राहायला आली. कलकत्ता कायम राहिलं, फक्त त्याची जागा बदलली. जन्माच्या नोंदींचं काय? त्या आगीत जळाल्या. एकाच आगीवर भागवलं, यात बाईंचा संयम दिसतो. दुसरी आग लावली की लोक अग्निशामक दलाकडे चौकशी करतात.

एवढा खटाटोप कशासाठी, असं विचारणारे वाचक भाबडे आहेत. १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानातून अमेरिकेत स्थलांतराला बंदी होती. १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने नागरिकत्व मागणाऱ्या भगतसिंग थिंद यांना सांगितलं, की वंशशास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणसाच्या समजुतीत तुम्ही गोरे नाही, सबब नागरिकत्व नाही. थिंद यांनी अमेरिकेच्याच सैन्यात नोकरी केली होती. हिंदी लोकांना नागरिकत्वाचा दरवाजा १९४६ मध्ये उघडला, आणि नव्याने येणाऱ्यांसाठी वर्षाला १०० चा कोटा ठेवला. म्हणजे एखाद्या चाळीच्या गणेशोत्सवाला जेवढी पंगत बसते तेवढा अख्खा हिंदुस्थान.

शिवाय हेज संहिता, म्हणजे पडद्यावर काय दाखवायचं नाही याची हॉलिवूडची नियमावली. १९३४ पासून ती कडकपणे लागू झाली आणि तिने पडद्यावर वर्णसंकर निषिद्ध ठरवला. लिहिलं होतं गोऱ्या आणि काळ्या वंशांबद्दल, पण स्टुडिओंनी सावधपणे सगळ्याच रंगांना लावलं. लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेल्या अ‍ॅना मे वाँगला ‘द गुड अर्थ’मधली चिनी शेतकरणीची भूमिका मिळाली नाही. नायक गोरा होता, मग त्याची बायको खरीखुरी चिनी कशी चालेल? भूमिका जर्मनीत जन्मलेल्या लुईस रायनरला मिळाली आणि तिला त्याबद्दल ऑस्करही मिळालं. नियम पाठ करायला सोपा आहे: गोऱ्याने कुठलाही रंग लावावा, बाकीच्यांनी स्वतःचासुद्धा लावू नये.

तुमचं इंग्रजपण घडवणारा माणूस इंग्रज असलाच पाहिजे असं नाही, नसलेलाच बरा. ओबेरॉनबाईंना नाव आणि करार देणारे निर्माते-दिग्दर्शक अलेक्झांडर कोर्डा हंगेरीचे, मूळचे शांडोर केल्नर. अमेरिकेत ज्यांनी बाईंच्या करारात वाटा घेतला ते निर्माते सॅम्युअल गोल्डविन वॉर्साचे. स्वतःचं नाव-गाव एकदा धुऊन वाळत घातलेल्या माणसाला दुसऱ्याचं धुताना कसली घाण वाटत नाही. १९३३ मध्ये कोर्डांनी त्यांना आठव्या हेन्रीची राणी अ‍ॅन बोलिन केलं. भूमिका छोटी, शेवटी डोकं उडतं, पण राणी इंग्लंडची. १९३९ मध्ये कोर्डांशी लग्न झालं, १९४२ मध्ये कोर्डा ‘सर’ झाले आणि मुंबईची क्वीनी लेडी कोर्डा झाली. जन्मस्थानाची चौकशी करणाऱ्याला आता आधी ‘लेडी’ म्हणावं लागणार. गोष्ट टिकवायला किताबाइतका स्वस्त पहारेकरी नाही.

‘वुदरिंग हाइट्स’ची पात्रयोजना अभ्यासाला लावावी इतकी नमुनेदार आहे. एमिली ब्राँटेच्या मूळ कादंबरीतला नायक हीथक्लिफ सावळा, कुठून आला ते माहीत नाही. एक पात्र तर त्याला लस्कर, म्हणजे आपल्याकडच्या बंदरांतून बोटीवर चढणारा खलाशी समजतं. त्याची प्रेयसी कॅथी यॉर्कशरची इंग्रज मुलगी. १९३९ च्या चित्रपटात या संशयित लस्कराचं काम इंग्रज पाद्र्याचा मुलगा लॉरेन्स ऑलिव्हिए याने केलं आणि यॉर्कशरची मुलगी मुंबईहून आली. कुणालाही खटकलं नाही.

आता चेहरा. लग्नाच्या जाहिरातीत ‘गोरी’ हा शब्द मुलीच्या शिक्षणाआधी छापणाऱ्या वाचकांना हा भाग अवघड जाणार नाही.

कृष्णधवल फिल्मवर रंग नसतो, राखाडीच्या छटा असतात, ही पहिली जमेची बाजू. जुनी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंगाला आंधळी होती. तिच्यावर ओठ काळे पडायचे आणि तांबूस त्वचा डागाळलेली दिसायची. १९२० च्या दशकाच्या अखेरीस सगळे रंग टिपणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म रुळली आणि तिच्यासाठी मॅक्स फॅक्टरने वेगळा मेकअपही काढला. आता फाउंडेशन दोन छटा फिकं घ्यायचं आणि एक्स्पोजर जरासं वाढवायचं, की राखाडी सरकत सरकत अँग्लो-सॅक्सन होते. चूक होते ती हनुवटीपाशी. फाउंडेशन तिथेच थांबवलं तर चेहरा होबार्टचा आणि मान कलकत्त्याची दिसते. मान, कानांच्या पाळ्या, कानामागचा भाग, कोपरापर्यंत हात, सगळीकडे एकच थर हवा. नायक हात हातात घेण्याचा प्रसंग असेल तर बोटांच्या पेरांवरही, कारण पेरांची त्वचा गडद असते आणि क्लोजअपमध्ये चुगली करते.

सुरुवातीच्या लंडनच्या चित्रपटांत बाईंना तिरक्या भुवया आणि भडक डोळे देऊन पौर्वात्य मोहिनी म्हणून खपवलं होतं. खऱ्या रंगाला गूढ म्हणायचं, ही पायरी सगळ्यांनाच चढावी लागते. गोल्डविननी १९३५ मध्ये ते सगळं पुसून त्यांना साधी-सोज्वळ इंग्रज मुलगी केलं. चित्रपटाचं नाव ‘द डार्क एंजल’, हा निव्वळ योगायोग. छायालेखक होते ग्रेग टोलंड. बाईंना ऑस्करचं नामांकन मिळालं.

रंगीत चित्रपट येईल तेव्हा जपून. टेक्निकलरच्या तीन-पट्टी कॅमेऱ्याला प्रचंड प्रकाश लागायचा. त्या उष्णतेत मेकअप पाझरतो, आणि राखाडीमागे लपवलेलं सगळं रंगासकट बाहेर येतं. तिथे नुसत्या फाउंडेशनवर निभत नाही, म्हणून लोक क्रीमकडे वळतात. त्या काळात अमेरिकेत दुकानातून सहज मिळणाऱ्या गोरेपणाच्या क्रीममध्ये अमोनिएटेड मर्क्युरी, म्हणजे पाऱ्याचं संयुग असायचं. पारा त्वचेत रंगद्रव्य बनवणारं एन्झाइम अडवतो. काही आठवडे चेहरा उजळतो. लावणं थांबवलं की रंग परततो, कधी करड्या-निळसर डागांसकट. दरम्यान पारा त्वचेतून मूत्रपिंडांत उतरलेला असतो, पण मूत्रपिंडांचा क्लोजअप घेत नाहीत.

ओबेरॉनबाईंचा चेहरा दोनदा धोक्यात आला. मार्च १९३७ मध्ये लंडनला मोटार अपघात झाला, चेहऱ्याला जखमा झाल्या आणि ‘आय, क्लॉडियस’चं चित्रीकरण जे थांबलं ते पुन्हा सुरूच झालं नाही. मग १९४० मध्ये सौंदर्यप्रसाधनांची विषबाधा, त्यात सल्फा औषधाची अ‍ॅलर्जी. त्वचेवर खड्डे पडले. कोर्डांनी त्यांना न्यूयॉर्कच्या त्वचातज्ज्ञाकडे धाडलं. उपाय डर्माअ‍ॅब्रेजनचा, म्हणजे त्वचेचा वरचा थर खरवडून काढायचा आणि खालची नीट येईल अशी आशा करायची. हा उपाय अनेकदा झाला, गुण थोडाच आला. सावळ्या त्वचेवर खरवडलेली जागा भरताना उलट जास्त गडद होऊ शकते. पण टास्मानियाच्या मुलीने ही शंका डॉक्टरांना विचारायची कशी?

यापुढचं काम दिव्याचं, आणि ते खरोखर शिकण्यासारखं आहे. मुख्य दिवा नेहमीसारखा बाजूला, उंचावर ठेवला तर त्वचेवरच्या प्रत्येक खड्ड्याची सावली त्याच खड्ड्यात पडते आणि लेन्सला दिसते. म्हणून छायालेखक ल्युसियन बॅलर्डनी एक लहान दिवा थेट कॅमेऱ्यावर, लेन्सला अगदी चिकटून बसवला. प्रकाश लेन्सच्याच रेषेत गेला की सावल्या पडतात त्या वस्तूच्या बरोब्बर मागे, जिथे लेन्सची नजर पोचत नाही. खड्डे भरल्यासारखे दिसतात, डोळ्यांत चमक येते. ‘द लॉजर’ या चित्रपटाच्या सुमारास, १९४४ मध्ये रुजू झालेल्या या दिव्याला बाईंच्या नावावरून ‘ओबी’ म्हणतात आणि आजही कॅमेऱ्यावर असा दिवा चढवतात.

वापरताना तीन गोष्टी बिघडतात. कॅमेरा जवळ गेला की प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. अंतर निम्मं, प्रकाश चौपट, आणि नायिका उकडलेल्या अंड्यासारखी पांढरी. म्हणून कॅमेरा पुढे सरकताना कुणीतरी डिमर हळूहळू उतरवत राहायचं किंवा दिव्यापुढे जाळी धरायची. डिमरने दिवा तांबूस होतो, तो दोष कृष्णधवलमध्ये माफ, रंगीतमध्ये नाही. दुसरं, मागे आरसा किंवा काचेचं कपाट नको, दिवा त्यात दिसतो. तिसरं, मान वळवायची नाही. बाजूचा एखादा दिवा गालावर तिरका आला की सगळी मेहनत वाया.

बाईंनी १९४५ मध्ये कोर्डांशी घटस्फोट घेऊन बॅलर्डशी लग्न केलं. प्रकाश ज्याच्या हातात, त्याच्याशी सलोखा हवाच. तो चार वर्षं टिकला.

आता आई. सावळी आई बरोबर असेल तर टास्मानियाची गोष्ट दाराची घंटा वाजेपर्यंत टिकते. बाईंनी शार्लटला लंडनला आपल्याजवळच ठेवलं, आणि पाहुण्यांना ओळख करून दिली आया म्हणून. चहाचा ट्रे दिला की कुणी जास्त विचारत नाही. १९३७ मध्ये शार्लट वारली. १९४९ मध्ये बाईंनी जुन्या फोटोवरून तिचं तैलचित्र काढून घेतलं आणि चित्रकाराला त्वचा उजळ रंगवायला सांगितली. ते चित्र पुढे प्रत्येक घरात दर्शनी भिंतीवर राहिलं. आईला दिवाणखान्यात बसवायची हीच रीत सोयीची पडली.

इथे एक तांत्रिक अडचण आहे. मुंबईच्या जन्मदाखल्याप्रमाणे शार्लट आई नव्हतीच, आजी होती. आई होती ती कॉन्स्टन्स, शार्लटची मुलगी. बाळंतपणात ती स्वतःच पोरवयाची होती. क्वीनी तिला बहीण समजत मोठी झाली. थोडक्यात, बाईंनी रचलेल्या खोट्याखाली घरच्यांनी आधीच एक अंथरून ठेवलं होतं. कॉन्स्टन्सच्या मुलाने तो दाखला शोधून काढला आणि लॉस एंजेलिसला भेटायला गेला. बाईंनी भेट नाकारली. पद्धतीच्या दृष्टीने बरोबरच केलं.

नातेवाइकांत लिहिणारं कुणी निघालं तर वकील हाताशी ठेवा. कोर्डांच्या पुतण्याने १९७९ मध्ये घराण्याच्या आठवणी छापल्या, तेव्हा बाईंनी खरं नाव-गाव आलं तर दावा ठोकण्याची तंबी दिली. त्याने ते वगळलं.

एवढं सगळं सांभाळूनही एक चूक राहते: सत्कार. टास्मानिया दूर होतं तोवर ठीक होतं. १९७८ मध्ये होबार्टच्या महापौरांनी गावच्या लेकीला समारंभाला बोलावलं, आणि बाई गेल्या. जन्माचा पुरावा कुठेच नाही, हे पालिकेला ऐन वेळी कळलं होतं, पण हारतुरे मागवून झाले होते. वाटेत बाईंनी ड्रायव्हरला नवी गोष्ट सांगितली: लहानपणी बोटीने जाताना वडील आजारी पडले, म्हणून होबार्टला उतरलो. समारंभात, मी इथे जन्मले नाही, असं म्हणाल्या आणि प्रकृतीचं कारण सांगून उठल्या. बाकीचा मुक्काम हॉटेलात. त्यांच्या नावाचं नाट्यगृह होतं, तेही पाहिलं नाही. टास्मानियाच्या लोकांनी मात्र लेक सोडली नाही. ती एका हॉटेलमालकाची आणि तिथे काम करणाऱ्या चिनी वंशाच्या बाईची मुलगी, अशी दंतकथा त्या बेटावर पक्की रुजली आहे. म्हणजे तिथे त्यांच्या दोन जन्मकथा नांदतात आणि दोन्ही खोट्या.

२३ नोव्हेंबर १९७९ रोजी मालिबूमध्ये बाई वारल्या. चार वर्षांनी चरित्र आलं आणि मुंबईचा जन्म परत मिळाला. २०२३ मध्ये मलेशियाच्या मिशेल यो यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या ऑस्करचं नामांकन मिळालं, तेव्हा वृत्तपत्रांची पंचाईत झाली: या गटातली पहिली आशियाई म्हणावं, तर १९३५ च्या चित्रपटासाठीची ओबेरॉनबाई आडवी येते. शेवटी ‘स्वतःला आशियाई म्हणवणारी पहिली’ असं लिहिलं गेलं.